सायकलचा सीटपोस्ट : मोडणे व धक्काशोषक प्रकार

सायकलच्या फ्रेममधील सीट ट्यूबमध्ये (सीटखालच्या उभ्या नळीत) सरकवून कॉलरने (आवळण्याच्या कड्याने) घट्ट केलेल्या आणि सीट तोलून धरणाऱ्या नळीला सीटपोस्ट म्हणतात. आधुनिक सायकलींत २७.२, ३०.९ व ३१.६ मिमी. हे व्यास विशेष प्रचलित आहेत. भारतीय काळ्या रोडस्टर सायकलींत साध्या पोलादी नळीवर स्प्रिंगांची सीट बसवलेली असते.

सीटपोस्ट मोडण्याचे कारण केवळ स्वाराचे वजन समजले जाते, ते अपुरे आहे. सीट ट्यूब आडव्या रेषेशी सुमारे ७३ अंशांचा कोन करत असल्यास सीटवरील भाराचा साधारण २९ टक्के घटक नळीला आडवा लागतो आणि ती मागे वाकू पाहते. सीटची पकड नळीच्या अक्षामागे असल्यास हे वाकवणे आणखी वाढते. कमाल ताण कॉलरच्या वरच्या कडेशी, नळीच्या पुढील अंगाला पडतो व तडा बहुधा तेथूनच सुरू होतो. कॉलर अती आवळल्याने किंवा नळी फिरवत खालीवर केल्याने उमटलेले ओरखडे त्यास निमित्त ठरतात. पोलादात ठरावीक मर्यादेपेक्षा कमी ताणाची कितीही आवर्तने झाली तरी धातू थकत नाही, म्हणजे त्यास तडा जात नाही, असे मानतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत अशी स्पष्ट मर्यादा आढळत नाही, म्हणून जुना व हलका पोस्ट पूर्वसूचनेशिवाय मोडू शकतो. कार्बन तंतूच्या पोस्टाला कॉलरचा दाब विशेष सोसत नाही.

किती लांबी फ्रेमच्या आत असावी, याविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा नियमांनुसार किमान खोलीची खूण नळीच्या तळापासून निदान दोन व्यासांवर, म्हणजे २७.२ मिमी. नळीत ५४.४ मिमी. वर, असावी लागते. मात्र उत्पादक बहुधा याहून अधिक लांबी सुचवतात. नळीचे खालचे टोक वरच्या आडव्या नळीच्या सांध्याखाली पोचावे हा फ्रेम बांधणाऱ्यांचा दंडक अधिक ग्राह्य वाटतो, कारण खोली अपुरी असल्यास पोस्टाऐवजी फ्रेमच चिरते. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट ग्रीसविना वर्षानुवर्षे राहिल्यास गंजून जाम होतो. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हे लवकर घडते.

धक्काशोषक पोस्टाची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाइतकी तरी जुनी असावी. हवेचे टायर रूढ झाल्यावर तिची निकड ओसरली आणि १९९० च्या दशकात माउंटन बाइकबरोबर ती पुन्हा पुढे आली. दुर्बिणीसारख्या सरकत्या प्रकारात आतील स्प्रिंग किंवा इलॅस्टोमर (रबरासारखा लवचीक ठोकळा) दाबला जातो व सीट नळीच्या रेषेतच खाली येते. समांतर भुजांच्या प्रकारात, उदा. केन क्रीक या कंपनीच्या थडबस्टर पोस्टमध्ये, ती खाली व मागे कमानीत सरकते, त्यामुळे सीट व पॅडल यांतील अंतर कमी बदलते आणि घर्षणही कमी राहते. वजन व किंमत सोडल्यास दुसरा प्रकार सरस म्हणावा लागेल. दोन्हींमुळे स्वाराच्या कण्यास आराम मिळतो, विशेषतः दोघांच्या टँडेम सायकलीवर मागे बसणाऱ्यास, कारण त्याला पुढचा खड्डा दिसत नाही. चाकाची रस्त्यावरील पकड मात्र सुधारत नाही. उभे राहून पॅडल मारताना पोस्टाचा उपयोगच नसतो. नळीवरील वाकवणारा भारही नाहीसा होत नाही, तेव्हा किमान खोलीचा नियम येथेही लागू आहे. इलॅस्टोमर स्वाराच्या वजनानुसार निवडावा लागतो, तो थंडीत कडक होतो. सरकत्या प्रकारातील बुश (दोन नळ्यांमधील सरकती अस्तरे) झिजले की सीट डावी-उजवीकडे डुलू लागते.