पेवातली ज्वारी, रेशनचा गहू

शहरातल्या बऱ्याच खानावळींत हल्ली चपातीऐवजी भाकरी मागितली की बिलात वेगळे पैसे लागतात. वाण्याकडे चांगली मालदांडी ज्वारी गव्हाहून महाग मिळते. साठ वर्षांपूर्वी देशावरच्या माणसाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. पोळी सणावाराची, नाहीतर पाहुणा आला तर. रोजची ती भाकरी.

भाकरी मागे पडली ती बायकांना थापायचा कंटाळा आला म्हणून, असं सर्रास म्हटलं जातं. थापणं सोपं नाही हे खरंच, आणि दळण जुनं झालं, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की सुगरणीचीही भाकरी मोडते. पण हीच भाकरी त्याच बायका पिढ्यानपिढ्या थापत होत्या. बदल आधी रेशनच्या दुकानात झाला, स्वयंपाकघरात तो नंतर पोचला.

ज्वारीचं खरं घर म्हणजे सोलापूरचा मंगळवेढा भाग. काळी, खोल जमीन. पावसाळा सरताना पेरलेली रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दहिवरावर येते, पाटाचं पाणी न पिता. दाणे माणसांना, कडबा जनावरांना. सुगीनंतर धान्य पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल कोठारात जायचं. (‘क्लासेसचं पेव फुटलंय’ म्हणतो, त्यातलं पेव हेच.) पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांना खुली केली, ती कथा याच मंगळवेढ्याची. इथल्या मालदांडीतूनच १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात ‘एम ३५-१’ हे वाण निवडलं गेलं. ते अजून पेरलं जातं.

१९५६मध्ये भारताने अमेरिकेशी पीएल-४८०खाली, म्हणजे तिकडचं जादा धान्य सवलतीत देणाऱ्या कायद्याखाली, धान्याचा पहिला करार केला आणि गव्हाची जहाजं येऊ लागली. १९६६ साली तर देशाने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं. त्याच वर्षी मेक्सिकोहून जास्त पिकणाऱ्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आलं. पंजाब-हरियाणात पाणी होतं, खत होतं, सरकारी खरेदीची हमी होती. ती खरेदी करणारं अन्न महामंडळ १९६५चं. गोदामं गहू-तांदळाने भरली आणि रेशनवर तेच येत राहिलं. कोरडवाहू ज्वारीला आधारभूत किंमत कागदावर होती, पण ती द्यायला दारात येणारं गिऱ्हाईक क्वचितच.

१९७२चा दुष्काळ जुन्या माणसांना दोन चवींनी आठवतो: दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी (गोड, कोरडं पौष्टिक पीठ) आणि रेशनची मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिकडे ती मुख्यतः गुरांना घालतात. ज्वारीच्या मुलखाने परदेशातून आलेली ज्वारी रांगेत उभं राहून घ्यावी, हे अजूनही सांगताना लोकांचा आवाज बदलतो.

दरम्यान १९६४मध्ये ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला होता. हायब्रीडने खरिपाचं उत्पन्न वाढवलं, यात वाद नाही. पण धाट बुटकं, म्हणून कडबा कमी. शिवाय कणसं पावसात सापडली की दाणा काळा पडायचा. अशा ज्वारीला भाव कसला मिळणार? मराठवाडा-विदर्भात खरिपातली तिची जागा पुढे सोयाबीनने घेतली. १९६०च्या सुमारास राज्यात साठ लाख हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. आता ती वीस लाखांच्याही आत आली आहे.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात ज्वारी-बाजरीसारखं भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. प्रत्यक्षात पिशवीत पडले बहुतेक गहू नि तांदूळच. मग २०१८मध्ये सरकारने भरडधान्याला ‘पोषक तृणधान्य’ म्हणायला सुरुवात केली, २०२३च्या अर्थसंकल्पात ते ‘श्री अन्न’ झालं आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने तृणधान्य वर्ष साजरं केलं. मधुमेहाच्या धाकाने शहरं भाकरीकडे वळली होतीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

भाव मात्र मानांकनाने चढलेला नाही. पेरा घटला, मागणी वाढली आणि रब्बी ज्वारी आजही पुष्कळ ठिकाणी हाताने, मुळासकट उपटून काढावी लागते. तळहात सोलून निघतात, आणि या कामाला आता मजूर मिळत नाहीत.