मतदान-बहिष्कार (ग्रामीण विदर्भ)

सार्वजनिक मागणी मान्य होईपर्यंत निवडणुकीत मत टाकायचे नाही, असा गावाने, टोल्याने (गावाबाहेरच्या वस्तीने) किंवा पोडाने (कोलामांच्या वस्तीने) मिळून घेतलेला निर्णय. मतदान हे कर्तव्य की ज्याच्या त्याच्या मर्जीचा भाग, हा वाद एरवी एकेका मतदाराला धरून घातला जातो. विदर्भाच्या खेड्यांत तो बहुधा अख्ख्या गावाला धरून उभा राहतो, म्हणून त्याचा विचार या नोंदीत केला आहे.

उगम : या प्रथेचे मूळ काही जण असहकाराच्या काळात शोधतात. नोव्हेंबर १९२० च्या कायदेमंडळाच्या निवडणुकांवर काँग्रेसने बहिष्कार घातला आणि त्याच वर्षी डिसेंबरात नागपूर अधिवेशनाने असहकाराचा ठराव कायम केला. तेव्हा वऱ्हाड व मध्यप्रांत या घडामोडींच्या केंद्रस्थानी होते, हे खरे. पण तेव्हाचा मताधिकार सारा, कर व मालमत्ता यांवर बेतलेला होता. कास्तकारांतील थोड्यांनाच मत होते आणि शेतमजुरांना जवळजवळ नव्हतेच. ज्याच्या हाती मतच नाही, तो बहिष्कार कशावर घालणार? शिवाय १९२३ मध्ये काँग्रेसमधूनच निघालेला स्वराज्य पक्ष निवडणुकीत उतरून मध्यप्रांताच्या कायदेमंडळात सर्वांत मोठा झाला, त्यामुळे ती परंपरा फार टिकलीही नाही. दुसरे मत असे की, ‘बहिष्कार’ हा शब्द आणि त्यामागची शिस्त जातपंचायतीच्या वाळीत टाकण्यातून आली. फरक इतकाच की, येथे गाव माणसाला नव्हे, सरकारला वाळीत टाकते. आजची प्रथा प्रौढ मताधिकारानंतरची, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या (१९५१-५२) पुढचीच मानणे सयुक्तिक दिसते. शब्दाच्या आणि शिस्तीच्या बाबतीत मात्र दुसऱ्या मतात तथ्य आहे.

कर्तव्याची बाजूही याच मातीतली आहे. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत मताला दुधारी तलवारीची उपमा आहे : नीट वापरले नाही, तर वार आपल्यावरच उलटतो. निवडणूक आली की विदर्भात ही ओवी भिंतींवर रंगवलेली दिसते.

कायदेशीर स्थिती : संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला, वयाची अट ६१ व्या दुरुस्तीने २१ वरून १८ वर आली. मूलभूत कर्तव्यांच्या यादीत (अनुच्छेद ५१-क, १९७६ ची ४२ वी दुरुस्ती) मात्र मतदान नाही. सक्तीच्या मतदानाची सूचना १९५१ मध्ये संसदेत आली असता डॉ. आंबेडकरांनी व्यावहारिक अडचणी दाखवून ती नाकारली. निवडणूक सुधारणांवरील गोस्वामी समिती (१९९०) व विधी आयोगाचा २५५ वा अहवाल (२०१५) यांनीही सक्तीची शिफारस केली नाही. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी केलेल्या सक्तीच्या कायद्याला २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

मताचा अधिकार कोणत्या प्रकारचा, यावर न्यायालयांत एकवाक्यता नाही. १९५२ व १९८२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने तो निव्वळ कायद्याने दिलेला मानला. २००३ मध्ये एका न्यायमूर्तींनी तो मूलभूत नसला तरी सांविधानिक आहे, असे म्हटले. बहिष्काराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ७९(घ). त्यातील ‘निवडणूकविषयक अधिकारा’च्या व्याख्येत मत देण्याबरोबर मत देण्यापासून दूर राहणेही स्पष्टपणे आले आहे. पूर्वी निवडणूक नियमांतील नियम ४९-ओ खाली केंद्रावर जाऊनही ‘मत देत नाही’ अशी नोंद करता येई, पण ती नोंदवहीत होत असल्याने गुप्तता राहत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर यंत्रावर ‘नोटा’ (‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण) आले. गावे ते क्वचितच वापरतात. नोटा दाबणाऱ्याला रांगेत उभे राहावे लागते आणि त्याचा राग मोजणीच्या तक्त्यात विरून जातो. केंद्र ओस पडले, तर तहसीलदार धावत येतो.

दूर राहण्याचा हा अधिकार व्यक्तीचा आहे, गावाचा नाही. ठराव मोडून मत टाकायला निघालेल्याला अडवणे हा त्याच्या अधिकारातील हस्तक्षेप ठरतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जातपंचायती डोळ्यांसमोर ठेवून केलेला असल्याने गावठरावाला तो कितपत लागू पडेल, हा प्रश्नच आहे.

स्वरूप : मागण्या रस्ता, पूल, पाणी, वीज, वनजमिनीचे पट्टे, धरणग्रस्तांचे पुनर्वसन अशा असतात. आधी तहसीलदाराला निवेदन, मग समाजमंदिरात बैठक, वेशीवर फलक, शेवटी अधिकाऱ्यांची मनधरणी. लेखी आश्वासन मिळाले तर दुपारनंतर रांग लागल्याचीही उदाहरणे आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मेळघाटातील काही गावांनी मूलभूत सोयींसाठी मतदान केले नाही. किमान मतदानाची अट नसल्याने निकालावर याचा परिणाम होत नाही. ओस केंद्रावरही निवडणूक कर्मचारी कर्तव्य-प्रमाणपत्रावर (निवडणुकीच्या कामावर असल्याच्या दाखल्यावर) आपले मत देऊ शकतात. त्यामुळे ‘शंभर टक्के बहिष्कार’ असलेल्या केंद्रावर दोन-चार मते निघाली, तर ती गावातल्या फितुरांचीच असतील असे नाही.

गडचिरोलीतील माओवाद्यांचे बहिष्काराचे आवाहन ही वेगळी गोष्ट आहे. त्यात गावाचा ठराव नसतो, भीती असते. याच कारणाने तेथील अनेक केंद्रांवर मतदान दुपारी तीनलाच संपवत. तरीही २०२४ मध्ये गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. त्याच दिवशी नागपूर शहरात ते सुमारे ५४ टक्के होते.

गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव याहून निराळे. तेथील ग्रामसभा मते मोजत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय थांबतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या त्या गावाच्या घोषणेचा उत्तरार्ध अधिक गाजला. पूर्वार्धात दिल्ली-मुंबईचे सरकारही ‘आमचे’ म्हटले आहे.