सोलापूर, सोलापुरात आणि ०.४३

बातम्यांच्या संकेतस्थळाकडे एकच बातमी दिवसभरात पाच-सहा वाटांनी येते. कुणी प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं चिकटवतं, कुणी दोन शब्द बदलतं, कुणी मथळा फिरवतं. यातल्या कोणत्या नोंदी मुळात एकच आहेत हे संगणकानं ओळखावं असं वाटत असेल, तर 'साम्य' आकड्यात मांडावं लागतं. त्याची सूत्रं जुनी आणि सोपी आहेत. घोळ होतो तो सूत्राच्या आधी, मजकुराचे तुकडे करताना. मराठीत तर हमखास.

सोलापूरकरांच्या ओळखीच्या दोन सूचना घेऊ.

(अ) सोलापूर शहरात उद्या पाणीपुरवठा बंद राहणार
(ब) उद्या सोलापुरात पाणीपुरवठा बंद

सर्वांत सरळ मोजमाप पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचं. आल्प्समधल्या दोन ठिकाणच्या वनस्पतींच्या याद्या कितपत जुळतात हे पाहण्यासाठी त्यानं ते १९०१ च्या सुमारास वापरलं. (चादरीच्या मागावरचा जेकार्ड वेगळा, तो फ्रेंच आणि शंभर वर्षं आधीचा.) दोन्ही याद्यांत सामाईक नावं किती, भागिले दोन्ही मिळून वेगवेगळी नावं किती. वनस्पतींच्या जागी शब्द ठेवले की झालं. 'अ'मध्ये ६ शब्द, 'ब'मध्ये ४, सामाईक ३ (उद्या, पाणीपुरवठा, बंद), एकूण वेगवेगळे ७. उत्तर ३/७, म्हणजे ०.४३. वाचणाऱ्याला दोन्ही सूचना एकच वाटतात, संगणकाला त्या निम्म्यासुद्धा जुळत नाहीत. कारण उघड आहे: 'सोलापूर' आणि 'सोलापुरात' हे त्याच्या लेखी दोन परके शब्द. ते एक धरले तर सामाईक ४, एकूण ६, आणि साम्य एकदम ०.६७.

सूत्राला हातही न लावता आकडा एवढा हलला. म्हणूनच हे काम फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या पद्धतीनं करणं सोयीचं पडतं. या पद्धतीत प्रोग्रॅम म्हणजे छोट्या छोट्या फंक्शनची साखळी. प्रत्येक फंक्शन एक गोष्ट घेतं, एक परत देतं, बाहेरचं काहीही बदलत नाही. तेच दिलं की तेच मिळतं. आपली साखळी अशी: मजकूर स्वच्छ करा, शब्द वेगळे करा, प्रत्येक शब्दाला मूळ रूपाकडे न्या (हा 'मॅप'), निरुपयोगी शब्द गाळा (हा 'फिल्टर'), उरलेल्यांची मोजणी करा (हा 'फोल्ड'), आणि अशा दोन मोजण्या सूत्राला द्या. आकडा विचित्र आला की कडी कडी सुटी करून एकेका शब्दावर तपासता येते. एकाच लांबलचक लूपमध्ये सगळं कोंबलं असेल, तर चूक नेमकी कुठे शिरली ते शोधत बसावं लागतं.

शब्द वेगळे करण्याची कडीच आधी दगा देते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अंगभूत रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या साधनात) 'शब्दातलं अक्षर' म्हणून जे चिन्ह वापरतात, ते काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. परिणामी 'सोलापूर'चे स, ल, प, र असे चार तुकडे पडतात. काही तयार साधनं दोन अक्षरांहून लहान तुकडे आपोआप टाकून देतात, मग सोलापूर नकाशावरूनच गायब. 'शहरात' मात्र 'शहर' म्हणून वाचतं, त्यामुळे काहीतरी बरोबर चाललंय असा भास होतो. हॅस्केल या फंक्शनल भाषेतही 'हे अक्षर आहे का' विचारणारं फंक्शन मात्रेला 'नाही' म्हणतं. 'अक्षर आहे किंवा जोडचिन्ह आहे' अशी दुहेरी कसोटी लावली की शब्द अखंड राहतो.

त्याहून छुपा प्रकार 'शेतकऱ्यांना' या शब्दाचा. यातला अर्धा र दोन-तीन प्रकारे टाइप होतो: कुणी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर फरक दिसत नाही, तुलनेत मात्र शब्द वेगळे पडतात. युनिकोड या अक्षरसंकेताचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) 'र अधिक नुक्ता' आणि तयार 'ऱ' यांना एक करतं, पण अदृश्य खुणेला हात लावत नाही. ती खूण नुसती पुसली तर रफार उरतो आणि शब्द बिघडतो. म्हणून आधी 'र, हलन्त, अदृश्य खूण' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवायचं, उरलेल्या अदृश्य खुणा मग पुसायच्या. 'ॲ' हे तयार अक्षर आणि 'अ'वर दिलेला अर्धचंद्र, हेही प्रमाणीकरण एक करत नाही. तो बदल आपणच लिहावा लागतो. ५ आणि इंग्रजी अंकांतला पाच यांचंही तेच. हे सगळं शब्द वेगळे करण्याच्या आधी व्हायला हवं, कारण अदृश्य खूण अक्षरही नाही आणि जोडचिन्हही नाही. शब्द तिच्यापाशीच तुटतो.

आता मूळ रूप. प्रत्यय छाटून टाकू म्हटलं तर 'सोलापुरात'मधून 'सोलापुर' उरतं, ऱ्हस्व पु घेऊन. पंढरपूरचीही हीच गत. बार्शीत, सांगोल्यात, माढ्यात, करमाळ्यात: जिल्ह्यातले तालुके घेतले तरी एका नियमात बसत नाहीत. शिवाय शेवटचं 'ात' डोळे मिटून छाटलं की 'हात' आणि 'रात' यांचाही बळी जातो.

छाटणीऐवजी शब्दाच्या तीन-तीन चिन्हांच्या एकावर एक चढलेल्या पट्ट्या केल्या तर निभावतं. मात्रा वेगळं चिन्ह धरली की 'सोलापूर'च्या ५ पट्ट्या होतात, 'सोलापुरात'च्या ७. सामाईक ३, एकूण ९, साम्य ०.३३. पण आधी दीर्घ ऊकार ऱ्हस्व करून घेतला, तर पाचच्या पाच पट्ट्या दुसऱ्या शब्दात सापडतात आणि साम्य ५/७, म्हणजे ०.७१ होतं. किंमतही मोजावी लागते: 'सूत' आणि 'सुत' एक होतात. यंत्रमागांच्या गावात कापसाचा धागा आणि मुलगा यांत गल्लत नको असेल, तर हा बदल फक्त पट्ट्यांपुरता ठेवावा आणि शब्दांची यादी मूळ ऱ्हस्व-दीर्घासह वेगळी चालवावी. फंक्शन मूळ मजकूर बदलत नसल्यामुळे दोन्ही साखळ्या एकाच मजकुरावर शेजारी शेजारी चालतात.

आता तिसरी सूचना पाहा.

(क) सोलापूर शहरात उद्या पाणीपुरवठा सुरळीत राहणार

'अ' आणि 'क' यांत ५ शब्द सामाईक, एकूण ७, साम्य ०.७१. म्हणजे उलट अर्थाची सूचना समान अर्थाच्या सूचनेपेक्षा जवळची ठरली, तीही 'सोलापुरात' दुरुस्त केल्यावर! या पद्धती शब्दांचं साम्य मोजतात, अर्थाचं नाही. नक्कल पकडायला त्या उत्तम आहेत. दोन बातम्या एकच सांगतात का, याचा निवाडा त्यांच्यावर सोपवू नये.

थोडा उपाय शब्दांना वजन देण्यात आहे. कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली कल्पना अशी की जो शब्द सगळीकडे दिसतो तो काही सांगत नाही. सोलापूरच्या १,००० बातम्यांपैकी हजारांत 'सोलापूर' असेल, तर त्याचं वजन १,०००/१,०००, म्हणजे १ चा लॉगरिदम, म्हणजे शून्य. 'डाळिंब' ५० बातम्यांत असेल तर १,०००/५०, म्हणजे २० चा नैसर्गिक लॉगरिदम, सुमारे ३. ही वजनं लावून दोन मजकुरांच्या दिशांमधला कोन मोजतात, त्याला कोसाइन साम्य म्हणतात. लांब आणि आखूड बातम्यांची तुलना त्यानं जास्त न्याय्य होते. इथली नेहमीची चूक म्हणजे वजनांची यादी कुठेतरी जागतिक चलात, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला बदलता येणाऱ्या सामाईक जागेत ठेवणं. नव्या बातम्या आल्या की यादी बदलते आणि कालचा ०.६ आज ०.५ का झाला ते कळत नाही. यादी फंक्शनला पहिला घटक म्हणून द्यावी. ती भरल्यावर जे उरतं ते 'या यादीपुरतं साम्य मोजणारं' फंक्शन.

मोजणीचा फोल्ड आळशी भाषांत, म्हणजे गरज पडेपर्यंत हिशेब पुढे ढकलणाऱ्या भाषांत, जपून करावा. हॅस्केलमध्ये साधा डावा फोल्ड बेरजा करायच्या सोडून 'नंतर करू' अशा चिठ्ठ्या साठवत जातो, आणि मोठ्या संचावर मेमरी भरून प्रोग्रॅम कोसळतो. तत्पर (लगेच हिशेब करणारा) फोल्ड आणि तत्पर मॅप (इथे शब्द आणि त्याची संख्या साठवणारी सारणी, वरचा 'मॅप' नव्हे), दोन्ही हवेत. एकानं भागत नाही.

बातम्या १०,००० झाल्या की जोड्या ४,९९,९५,००० होतात. पट्ट्यांचे संच इतक्या वेळा ताडून पाहणं परवडत नाही. आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ मध्ये दिलेली युक्ती इथे कामाला येते: प्रत्येक पट्टीला हॅश (मजकुरावरून ठरावीक आकडा काढणारं फंक्शन) लावा आणि सर्वांत लहान आकडा ठेवा. दोन मजकुरांचा किमान आकडा एकच निघण्याची शक्यता त्यांच्या जकार साम्याइतकीच असते. असे १०० हॅश घेतले, तर किती जुळले त्यावरून साम्याचा अंदाज येतो. अंदाज किती इकडेतिकडे होतो ते सांगणारं प्रमाण विचलन जास्तीत जास्त ०.०५. ते निम्मं करायचं तर हॅश चौपट, ४०० लागतात. किमान काढणं कोणत्याही क्रमानं, कितीही तुकड्यांत केलं तरी उत्तर तेच, त्यामुळे हा फोल्ड अनेक यंत्रांवर बिनघोर वाटता येतो.

तरीही जोड्या उरतातच. म्हणून १०० आकडे पाच-पाचाच्या २० गटांत पाडतात आणि एखादा अख्खा गट जुळला तरच ती जोडी तपासायला घेतात. ०.८ साम्याची जोडी यातून जवळजवळ कधीच निसटत नाही, ०.३ ची जोडी सुमारे ५ टक्के वेळा विनाकारण तपासली जाते.

सोलापुरात आणखी एक पेच आहे: इथला मजकूर मराठीखेरीज कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही येतो. पाण्याला कन्नड आणि तेलुगू दोन्हींत 'नीरु' म्हणतात, पण लिप्या वेगळ्या असल्यानं साम्य शून्य. भाषेनुसार आधी ढीग वेगळे करावेत, प्रत्येक ढिगाची वजनांची यादीही वेगळी ठेवावी.

कितीच्या वर 'नक्कल' म्हणायचं? तयार आकडा कुणाकडूनही उसना घेऊ नये. स्वतःच्या संचातल्या शंभर-दीडशे जोड्या माणसाकडून 'एकच' किंवा 'वेगळी' अशा लावून घ्याव्यात, सीमारेषा त्यावरून ठरवावी. आणि रेषेच्या लगेच वरच्या व खालच्या जोड्या डोळ्यांनी वाचाव्यात. 'बंद' आणि 'सुरळीत' यांसारखे घोटाळे बहुतेक तिथेच सापडतात.