हवाई लढाईच्या ऑनलाइन सिम्युलेटरमधील वास्तवता आणि गैरफायदा

इंटरनेटवरून एकाच आभासी आकाशात लढणाऱ्या खेळाडूंची विमाने खऱ्या विमानांसारखी कितपत वागावीत आणि कोणती सोय गैरफायदा मानावी, याविषयीचे नियम व संकेत. ‘एअर वॉरियर’ (१९८८) पासून ‘आयएल-२ स्टर्मोव्हिक’ (२००१), ‘वॉर थंडर’ आणि ‘डीसीएस वर्ल्ड’पर्यंत हा वाद चालत आला आहे. वास्तवता एकाच बटणाने कमी-जास्त करता येते, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात एखादी सोय चालू किंवा बंद केली की कुठल्यातरी एका विमानाचे पारडे जड होते.

इंजिनाचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धातील सुरुवातीच्या ब्रिटिश स्पिटफायरमधील मर्लिन इंजिनाला फ्लोट (तरंगता गोळा) असलेला कार्ब्युरेटर, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणारा भाग, होता. नाक झटकन खाली दाबले की इंधनपुरवठा बिघडून इंजिन अडखळे. जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, त्यामुळे त्याचा वैमानिक दांडा पुढे ढकलून निसटू शके. पाठलाग करणाऱ्या स्पिटफायरला आधी विमान उलटे करून मग सूर मारावा लागे. ब्रिटिश अभियंत्या बिएट्रिस शिलिंग यांच्या १९४१ मधील छोट्या चकतीने हा दोष बराच कमी झाला. सर्व्हरवर (खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर) ‘सोपे इंजिन’ हा असे बारकावे गाळणारा पर्याय निवडला की १०९ ची ही पळवाट नाहीशी होते. जर्मन फोके-वुल्फ १९० मध्ये प्रोपेलरचा कोन, इंधन-हवेचे मिश्रण आणि बूस्ट (इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) एकाच थ्रॉटलवरून आपोआप सांभाळले जात. अमेरिकन थंडरबोल्टच्या वैमानिकाला टर्बोपासून काउल फ्लॅपपर्यंत (इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपांपर्यंत) बरेच काही हाताने पाहावे लागे. सोप्या इंजिनात हा फरकही पुसला जातो.

इंधनाचा प्रश्न जास्त खोल आहे आणि त्याकडे दुर्लक्षही जास्त होते. अमेरिकन मस्टँग पी-५१डी च्या अंतर्गत टाक्यांत सुमारे १,०१८ लिटर, म्हणजे ७३० किलोच्या आसपास इंधन मावे. लांब पल्ल्याच्या मोहिमेवर निघालेला वैमानिक ते पूर्ण भरी. खेळाडू २५ टक्के भरतो आणि साडेपाचशे किलो ओझे घरी ठेवतो. १०९ ची टाकी जेमतेम ४०० लिटरची, त्यामुळे तिथे वजन सव्वादोनशे किलोच घटते. मस्टँग मूळच्यापेक्षा चपळ होते, आणि त्याच्या मागच्या टाकीमुळे गुरुत्वमध्य मागे सरकून येणारी अस्थिरताही अनुभवाला येत नाही. यात कोणी नियम मोडलेला नसतो. उपाय मोहीम रचणाऱ्याच्या हाती आहे: तळ लढाईच्या जागेपासून लांब ठेवावेत, म्हणजे इंधन न्यावेच लागते.

सर्वांत कडवट भांडणे शत्रू दिसण्यावरून होतात. निरोगी डोळ्याला साधारण १ कलेचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) तपशील वेगळा ओळखू येतो. १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर ९० अंशांचे दृष्टिक्षेत्र ठेवले, तर मध्यभागी एक बिंदूच सुमारे ३.६ कला व्यापतो. ५ किमीवरचे १० मीटर पंखविस्ताराचे विमान जेमतेम २ बिंदूंचे उरते. दृष्टिक्षेत्र ३० अंशांवर आणले की तेच ७ बिंदूंचे होते आणि पडद्याची नजर डोळ्याच्या जवळपास पोचते. म्हणून झूमला ‘दुर्बीण’ म्हणून हिणवणे चुकीचे आहे. ती पडद्याची उणीव भरून काढते आणि मोबदल्यात आजूबाजूचे दिसणे हिरावते.

रेझोल्युशन मुद्दाम उतरवणे मात्र वेगळे. दूरचे विमान एका बिंदूने दाखवणाऱ्या खेळात, त्याच पडद्यावर २१६० ऐवजी १०८० ओळी ठेवल्या की तो ठिपका क्षेत्रफळाने चौपट होतो. रात्रीच्या मोहिमेत गॅमा (पडद्यावरच्या गडद भागांची उजळता) वाढवून अंधार उजळणेही याच जातीचे. हे दोन्ही प्रकार सर्व्हरला सहजी पकडता येत नाहीत. लेबल (विमानाशेजारी दिसणारी माहितीची पाटी), पॅडलॉक (नजर शत्रूवर आपोआप खिळवणारी सोय) आणि विमानाबाहेरचा कॅमेरा सर्व्हर बंद करू शकतो, आणि ‘फुल रिअल’ म्हणवणारे सर्व्हर तसे करतातही. बाहेरचा कॅमेरा चालू असेल, तर शेपटीमागून येणारा शत्रू मान न वळवता दिसतो.

‘वॉर थंडर’मध्ये माउसने नेम धरला की ‘इन्स्ट्रक्टर’ ही संगणकाची मदत रडर (शेपटीचे सुकाणू) सांभाळते आणि विमान सहसा स्टॉल होऊ, म्हणजे पंखांची उचल गमावू, देत नाही. त्याच्या सिम्युलेटर प्रकारात ही मदत मिळत नाही. मरणाची भीती मात्र कोणत्याही सेटिंगने आणता येत नाही, म्हणून समोरासमोर धडक देणारे सगळीकडे भेटतात.

खरी फसवणूक म्हणजे खेळाच्या फायली बदलणे, संगणकाच्या स्मृतीतून शत्रूची जागा वाचणे किंवा मेलेल्या साथीदाराने व्हॉइस चॅटवर खबर पुरवणे. ‘आयएल-२’चे सर्व्हर यासाठी फायलींची तपासणी करत. ‘डीसीएस’मध्ये सर्व्हरचालकाला इतर विमानांच्या माहितीची निर्यात बंद ठेवता येते. ती चालू राहिली तर बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये आख्खा नकाशा उघडा पडतो.

तक्रार करण्याआधी लॅग, म्हणजे इंटरनेटवरून माहिती पोचण्यातला विलंब, तपासावा. ताशी ५४० किमी वेगाचे विमान ०.१५ सेकंदात २२ मीटरहून अधिक, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त सरकते. भारतातून युरोपातल्या सर्व्हरवर खेळताना एवढा विलंब नवलाचा नाही. गोळी लागली की नाही हे मारणाऱ्याच्या संगणकावर ठरत असेल, तर वळून निसटलेल्यालाही गोळ्या लागतात. दोघांचे रेकॉर्डिंग शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या लढाया दिसतात.