चिलखत जाड, पण हात तोकडा: बॅटलशिप आज कामाच्या आहेत का?

डिसेंबर 2025 मध्ये ट्रम्पनी नवीन बॅटलशिप, म्हणजे जाड चिलखताची, मोठाल्या तोफांची अजस्र युद्धनौका, बांधायची घोषणा केली आणि जुना वाद परत वर आला. बॅटलशिपवाल्यांचं म्हणणं ठरलेलं असतं, की आजची जहाजं म्हणजे नुसता पत्रा, एक मिसाईल लागलं की पेटली, 1982 ला फॉकलंडच्या लढाईत ब्रिटिशांची शेफिल्ड गेली तशी, आणि इकडे अमेरिकेच्या आयोवा क्लासच्या जुन्या बॅटलशिपच्या कमरेला, म्हणजे दोन्ही बाजूंना, 307 मिमी जाड पोलाद, त्यावर शेफिल्डला लागलेलं एक्झोसेट मिसाईल आपटून होणार काय, फार तर रंग उडेल.

यात तथ्य आहे बरं का, कारण एक्झोसेट बनलंय ते पातळ पत्र्याच्या जहाजांसाठीच. पण चिलखत असतं कुठे? पाण्याच्या रेषेजवळ, तोफांच्या बुरुजांवर, दारूगोळ्याच्या कोठाराभोवती. रडार, अँटेना वगैरे सगळं वर उघड्यावर, ते उडालं की जहाज तरंगत राहतं पण आंधळं. आणि पाण्याखालून येणाऱ्या टॉर्पेडोचं काय? आजचे जड टॉर्पेडो बाजूला धडकत बसत नाहीत, जहाजाच्या तळाखाली जाऊन फुटतात, तिथे वायूचा मोठा बुडबुडा तयार होतो, तो जहाज मधोमध वर उचलतो आणि लगेच आकसतो, मग मधला आधारच गेल्यामुळे जहाजाचा कणा स्वतःच्याच वजनाने मोडतो. इथे कमरेचं पोलाद काय करणार, उलट वजनात भरच!

पण माझ्या मते खरी गोची चिलखताची नाहीच, पल्ल्याची आहे. आयोवा क्लासवर 16 इंची (म्हणजे नळीचं तोंड एवढं रुंद, साधारण 41 सेंटिमीटर) नऊ तोफा, चिलखतभेदी गोळा 1,225 किलोचा. गोळा आत ढकलला की त्याच्या मागे दारूच्या सहा पिशव्या, एकेक जवळपास 50 किलोची, आणि त्या रेशमी कापडाच्या, कारण रेशीम जळून जातं, धुमसती चिंधी मागे राहत नाही, नाहीतर पुढच्या फेरीची दारू नळीतच पेटायची. एवढा खटाटोप करून गोळा पोचतो साधारण 38 किमी. जपानच्या यामातोची तोफ तर याहून मोठी, 46 सेंटिमीटरची, पण 7 एप्रिल 1945 ला तिला विमानांनी बुडवलं, आणि ती विमानं सोडणारी जहाजं तिच्या टप्प्यात आलीच नाहीत. मिसाईलला तर मोठं जहाजही लागत नाही, 4 डिसेंबर 1971 च्या रात्री आपल्या निर्घात या छोट्याशा मिसाईल बोटीने कराचीबाहेर पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडवली ती अशीच.

मग बॅटलशिपसाठी उरलं एकच काम, किनाऱ्यावर भडिमार. ते मात्र ती झकास करायची. 1991 च्या आखाती युद्धात आयोवा क्लासच्या विस्कॉन्सिन आणि मिसुरी दोघी होत्या, गोळे कुठे पडतायत ते बघायला पायोनियर नावाचं ड्रोन वर फिरायचं, आणि कुवेतच्या फैलाका बेटावरच्या इराकी सैनिकांना ते घोंघावणं ऐकलं की पुढे काय येतं हे इतकं पाठ झालं होतं, की त्यांनी पांढरी फडकी दाखवून चक्क ड्रोनपुढे शरणागती पत्करली.

तरी मिसुरी 1992 ला निवृत्तच झाली. एका जहाजाला दीड हजाराच्या वर माणूस लागतो, शिवाय तोफांच्या नळ्या आणि गोळे बनवणं कधीच बंद झालेलं. नंतर अमेरिकेने झुमवॉल्ट क्लासच्या विनाशिकांवर लांब पल्ल्याची नवीन तोफ बसवली, जहाजं 32 ऐवजी तीनच बांधली गेली, त्यामुळे एका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरच्या आसपास गेली आणि ते गोळे घेणंच रद्द झालं. आता तिथल्या तोफा काढून हायपरसॉनिक, म्हणजे आवाजाच्या पाचपटीहून वेगवान, मिसाईल बसवतायत.

ट्रम्पच्या नवीन जहाजाचा भरही मिसाईलवरच आहे. पण तीच मिसाईल चार-पाच लहान जहाजांवर वाटून ठेवता येतात, आणि शत्रूला मग चार-पाच ठिकाणी शोधत बसावं लागतं. एकाच अजस्र जहाजात सगळं भरायचं कशाला, याचं पटेल असं उत्तर मला तरी अजून सापडलेलं नाही.

बाकी जुन्या आयोवा क्लासच्या चारही बॅटलशिप आता म्युझियम आहेत. न्यू जर्सीत आपली मंडळी भरपूर, त्यांनी कॅम्डेनला जाऊन त्याच नावाची बॅटलशिप बघून यावी, बुरुजाच्या आत शिरायला मिळालं तर सोडू नका.