टाकीतले तेल जाते कुठे?

जुनी मोटारसायकल आठवडाभर उभी राहिली आणि इंजिन-ऑइलच्या टाकीतले तेल उतरलेले दिसले, की ‘इंजिन तेल खाते’ असा निकाल देऊन मालक टाकी पुन्हा भरून टाकतो. १९६७ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेल्या नॉर्टन कमांडो या ब्रिटिश गाडीच्या बाबतीत हा निकाल पुष्कळदा चुकीचा ठरतो, कारण तेल जळालेले नसून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरून बसलेले असते.

या इंजिनात तेल तळाशी साठवत नाहीत; ते वेगळ्या टाकीत असते आणि ही टाकी क्रँककेसपेक्षा उंचावर असते. एकाच पंपात दातेरी चक्रांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी टाकीतले तेल बेअरिंगांकडे ढकलते, तर दुसरी, अधिक रुंद जोडी तळाशी गळालेले तेल उपसून टाकीत परत पाठवते. इंजिन बंद असताना मात्र तेल आणि क्रँककेस यांच्यामध्ये असते ती केवळ चक्रे आणि पंपाचे कवच यांमधली बारीक फट.

खरी गंमत या फटीत आहे. अरुंद, सपाट फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे झिजून फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट नव्हे, आठपट होते. शिवाय तेल जितके पातळ तितकी गळती अधिक, त्यामुळे प्रवासाहून आल्यावर, इंजिन गरम असताना, तेल सर्वांत वेगाने उतरते आणि निवत जाईल तसा हा वेग मंदावतो. चालू इंजिनात हीच गळती फारशी जाणवत नाही, कारण उपसणारी जोडी तिला पुरून उरते.

निदानासाठी टाकीचे झाकण उघडून परतीची नळी पाहावी. गाडी सुरू करताच सलग, जाड धार आली, सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला आणि थोड्या वेळाने धूर थांबून धार तुटक, फेसाळ झाली, तर तेल उभ्या गाडीत उतरले होते असे समजावे. तुटक धार हे दुखणे नव्हे. परतीचा पंप तेलाबरोबर हवाही ओढतो, म्हणून ती तशी येते. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असतील तर धूर असा आपोआप थांबत नाही. गाडी चालू असतानाच टाकी रिकामी होत गेली, तर मात्र परतीचा पंप हवा खात आहे का, म्हणजे त्याच्या बुडाखालचे गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) फाटले आहे का, हे पाहावे. तेलाची पातळीही इंजिन काही वेळ चालवल्यानंतरच मोजावी, नाहीतर भर घातलेले तेल वाट मिळेल तिथून बाहेर येते.

उभ्या गाडीतली ही गळती रोखायला बाजारात टाकीच्या नळीत बसवायची स्प्रिंगची झडप मिळते. ती अडकली तर पंपाला तेल ओढण्यासाठी वातावरणाच्या दाबाखेरीज दुसरा आधार नसतो आणि बेअरिंगे कोरडी पडतात. कंपनीने १९७५ च्या मॉडेलमध्ये झडप पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला बसवली, जिथे पंप तिला स्वतःच्या जोराने उघडू शकतो. ‘झीज भरून काढणाऱ्या’ बाटलीबंद रसायनांविषयी काय बोलावे? नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवण्याइतकाच त्यांचा भरवसा, फक्त लिंबू स्वस्त पडते.

पंप खोलून, सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्याच्या बाजू घासून फट कमी करणे हाच सरळ उपाय आहे. मात्र चक्रे हाताने फिरवताना किंचित जड लागली पाहिजेत, अडकता कामा नयेत. पंप परत बसवताना त्याच्या तोंडावरचे शंकूच्या आकाराचे रबरी सील नवे घालावे, कारण ते दबले गेले नाही तर बेअरिंगांकडे जाणारे तेल वाटेतच सांडते.