मज्जारज्जूवर पडणारे वजन

अपघातात मणका मोडला की मज्जारज्जू तुटतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांमध्ये तो आरपार कापला जात नाही, तर सरकलेल्या हाडाखाली ठेचला जातो. त्यामुळे या इजेचा प्रयोगशाळेत अभ्यास करायचा, तर प्राण्याचा मज्जारज्जू सुरीने कापून भागत नाही. तो ठेचावा लागतो, आणि तोही प्रत्येक प्राण्यात सारखाच.

1911 मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांचा मज्जारज्जू उघडा करून त्यावर ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन सोडले. ठेचलेल्या भागाला छेद देऊन तेथे साचलेले रक्त बाहेर येऊ दिल्यास कुत्री अधिक सुधारतात, असे त्यांना पुढे आढळले. याचा अर्थ असा, की वजन पडण्याच्या क्षणी सगळे नुकसान झालेले नसते. सूज, तुटलेला रक्तपुरवठा आणि दाह यांमुळे पहिल्या आघातातून वाचलेल्या पेशीही पुढचे तास आणि दिवस मरत राहतात. या ‘दुय्यम इजे’मुळेच औषधांना वाव मिळतो.

ॲलन यांचीच कल्पना पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात यंत्रबद्ध झाली: 10 ग्रॅमचा दांडा 12.5 किंवा 25 मिलिमीटरवरून रॅट जातीच्या उंदराच्या मज्जारज्जूवर पडतो. उंदीर मागच्या पायांनी कितपत चालतो, याला 0 ते 21 गुण देण्याची पद्धत 1995 मध्ये रूढ झाली. या उंदरांना स्वतःहून लघवी करता येत नसल्याने दिवसातून दोन-तीनदा त्यांचे मूत्राशय हाताने दाबून रिकामे करावे लागते. शोधनिबंधांच्या आलेखांत हे कष्ट दिसत नाहीत.

मात्र प्राणी निवडतानाच निष्कर्षाची दिशा काही अंशी ठरते. इजेनंतर रॅटच्या मज्जारज्जूत माणसासारखी द्रवाने भरलेली पोकळी होते, तर माऊस या लहान उंदरात ती जागा ऊतींनी भरून येते. शिवाय हालचालीचे आदेश नेणारा मेंदूपासूनचा मुख्य मार्ग रॅटमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जातो, माणसात तो प्रामुख्याने बाजूने जातो. मिथाइलप्रेडनिसोलोन या दाह कमी करणाऱ्या औषधाने प्राण्यांत आशा दाखवली, 1990 च्या अमेरिकी चाचणीनंतर ते सर्रास दिले जाऊ लागले, आणि 2013 मध्ये तिथल्याच मेंदूशल्यविशारदांच्या मार्गदर्शिकेने ते देऊ नये असे सांगितले.

म्हणून आता डुकरांकडे, तसेच मणक्यातील चकती सरकून आपोआप लुळ्या पडलेल्या पाळीव कुत्र्यांकडेही लक्ष वळले आहे. केंब्रिजमधील संशोधकांनी 2012 मध्ये अशा 34 कुत्र्यांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. नाकातील विशिष्ट पेशी मज्जारज्जूत टोचल्यावर पुढच्या आणि मागच्या पायांचा मेळ सुधारला. मेंदूपर्यंतचे लांब मार्ग मात्र पुन्हा जुळल्याचे दिसले नाही.